मानेवरची फुली

४ फेब्रुवारी

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझ्या कानाचं नवं यंत्र अजून डबीतच आहे असं तूच लिहिलंस. यंत्र डबीत आणि कान बाहेर, मग ऐकू कुणाला येणार? तोवर मी फोन करणार नाही. गेल्या वेळी गुडघ्याला शेक घे म्हणाले, तर तू केक घे ऐकलंस आणि संध्याकाळी खरंच घेऊन आलास, असं वहिनीने कळवलं. म्हणून हे पत्र. अक्षर जरा नाचतंय, पेन नवं आहे.

रुग्णालयातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ड्रेसिंगची फेरी सुटत नाही. सध्या सात घरं आहेत. निवृत्त हेडमास्तरांच्या पायाची जखम भरत आलीये. ते अजून मला उशीर झाला की घड्याळाकडे बघतात.

काम असं, की परवा सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती, ती आपली आपण पडली. उजव्या बाजूने तिरक्या नळीवर वीतभर ओरखडा आलाय, पुढून मागे गेलेला. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या उजव्या पायावर दोन लहान. आणि हँडलखालच्या उभ्या नळीवर अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडालाय. एकतीस वर्षांपूर्वी तू स्वतः दिलेला रंग, दुकानात तसा हिरवा मिळत नाही. मी विचारून आले.

खार तेवीस तारखेला तीन दिवसांसाठी येतेय. माझ्या लेकीची नजर तुला माहीत आहे. तिने ओरखडा पाहिला की सायकल विकून टाक हे पुराण पुन्हा सुरू होईल. तेव्हा तेवीसच्या आत काही झालंच नाही असं दिसलं पाहिजे. मला माणसांच्या जखमा बांधता येतात, लोखंडाच्या नाही. काय लावू, कसं लावू, सविस्तर लिही. मोठ्या अक्षरात लिही, चष्मा दुरुस्तीला टाकलाय.

लोभ आहेच, तो असू दे; उपदेश जरा कमी केलास तरी चालेल.

तुझी,
बेबी


९ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सायकल आपली आपण पडली हे वाचून थक्क झालो. सायकलच्या कारखान्यात रंगखात्यात अडतीस वर्षं काढली, पण इतकी स्वतंत्र वृत्तीची सायकल पाहिली नाही.

उभी सायकल पडते तेव्हा ती हँडलच्या टोकावर, पायडलवर आणि सीटच्या कडेवर मार खाते. तिथे टवका उडतो. पुढून मागे वीतभर गेलेला ओरखडा हा घसटल्याचा. म्हणजे सायकल चालत होती, आणि सायकल एकटी चालत नाही. शिवाय पडली सायकल आणि फुटला चष्मा. ती चष्मा लावते का? आणि अक्षराबद्दल पेनाला बोल लावू नकोस. तुझ्या डाव्या हाताचं अक्षर मी ओळखतो. चौथीत तुझा उजवा हात मोडला होता तेव्हा तुझा गृहपाठ मीच वाचून दाखवत होतो. मनगट कसं आहे, ते आधी लिही.

आता काम. घाई करायची नाही. रंगाला घाई कळते आणि तो ती वर्षभराने सगळ्यांना दाखवतो. पहिल्यांदा साबणाच्या पाण्याने सायकल धू आणि कोरडी पूस. मग डोळे मिटून ओरखड्यावरून नख फिरव. नख अडलं नाही तर फक्त वरची चकाकी गेलीये, पॉलिशने भागेल. नख अडलं आणि खाली लोखंड चमकलं, तर मात्र गंज वाट बघत बसलाय असं समज. तिथे सर्वांत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरव, कडा अशा उतरव की बोटाला पायरी लागू नये. स्पिरिटने पूस, स्पिरिट तुझ्या पिशवीत असतंच. मग गंजरोधक प्रायमरचा पातळ हात. एक दिवस थांब. मग रंग, तोही पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ बरे. दोन हातांच्या मध्ये निदान सहा तास. शेवटी लॅकर, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. ब्रेकच्या तारा जिथे घासतात तिथे पारदर्शक टेपचा तुकडा चिकटव. नंतर महिन्याला मेण लावत जा.

रंगाची बाटली ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर बसने पाठवतोय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो डोळा सगळं निळसर दाखवतो आणि उजवा सगळं पिवळट. दोघांचं मत घेऊन मधला हिरवा काढलाय.

एक लक्षात ठेव. हँडलखालच्या उभ्या नळीला आम्ही मान म्हणायचो. मानेवरचा टवका घासू नकोस. वरून नुसता एक हात दे आणि सोडून दे. तिथे रंग मी मुद्दाम जाड दिलेला आहे, उगाच उकरशील.

हात बरा होईपर्यंत सायकलला फक्त रंगवायचं, चालवायचं नाही.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र आईला कळू देऊ नका. आई गोदामाच्या उतारावरून सायकलसकट घसरली. उजवं मनगट मुरगळलंय आणि चष्मा फुटलाय. मला हे आईने सांगितलेलं नाही. खालच्या औषधवाल्याने फोन करून सांगितलं. आईने त्याच्याकडून पट्टी घेताना ती एका रोग्यासाठी आहे असं सांगितलं, आणि तिथेच दुकानात स्वतःच्या हाताला बांधून निघाली.

तुम्हाला माहीत आहे, मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासते. साठीच्या पुढची बाई, दुचाकी, उतार, खुब्याचं हाड: अशी एक तरी फाइल रोज टेबलावर असते. त्यातल्या प्रत्येकीने आधी घरी सांगितलेलं असतं, की काही झालं नाही.

आई माझं ऐकत नाही. डॉक्टरांचं ऐकत नाही, कारण त्यांना तिने शिकाऊ असताना पाहिलंय. सायकलच्या बाबतीत ती जगात एकाच माणसाचं ऐकते, ते तुम्ही. तेव्हा एवढंच करा. तिला लिहा, की फ्रेमला तडा गेलाय, आता ती चालवण्यालायक राहिली नाही. तुम्ही लिहिलंत की संपलं. खोटं आहे हे मला कळतं. पण मोडलेलं हाड खरं असतं, त्यापेक्षा हे बरं.

खरं सांगायचं तर मला ती सायकल कधीच आवडली नाही. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची. वर्गातल्या मुली आईच्या मागे कॅरियरवर बसून शाळेत यायच्या. माझ्या आईने कॅरियर काढून माळ्यावर टाकला. मी चालत जायचे आणि आई सायकल हातात धरून चालायची. मध्ये सायकल, पलीकडे मी. शिकवायचीही नाही, हात लावू द्यायची नाही. मला वाटायचं, रंग खराब होईल म्हणून. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि मला सायकल येत नाही, हे ऑफिसात मी कुणाला सांगत नाही.

मामींना नमस्कार. उत्तराची वाट पाहतेय, आणि ते ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
खार


१५ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझी काळजी योग्य, तुझा उपाय अयोग्य.

अडतीस वर्षांत मी चांगल्या फ्रेमला वाईट म्हटलं नाही आणि वाईटला चांगलं म्हटलं नाही. साहेब बदलले, मालक बदलले, रंगाचे डबे बदलले, पण माझ्या हाताखालून गेलेल्या फ्रेमवर कुणी बोट ठेवलं नाही. आता म्हातारपणी स्वतःच्या बहिणीला खोटं लिहू? तेही मी स्वतः रंगवलेल्या सायकलबद्दल? ती फ्रेम उत्तम आहे. हवं तर तुझ्या ऑफिसच्या कागदावर लिहून देतो.

आईला सायकल सोडायला लावायची असेल तर समोर बसून सांग. तुम्ही दोघी एकमेकींना सोडून सगळ्या जगाशी बोलता. औषधवाला काय, मी काय.

ता. क. सहज विचारतो. उतारावर आई करकचून ब्रेक लावते का? मानेपाशी कधी कुरकुर ऐकू येते, असं काही बोलली होती का? घाई नाही, पण उत्तर लगेच पाठव.

तुझा,
मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे समोर बसून सांगायला मी रविवारी न कळवता आले. आई गच्चीवर वर्तमानपत्र पसरून, डाव्या हाताने सायकल घासत बसली होती. उजवा हात पदराआड. मला पाहून तिने पॉलिश पेपर लपवला आणि हात उघडा पडला. त्यानंतर अर्धा तास आम्ही काय बोललो, ते लिहिण्यात अर्थ नाही. खालच्या औषधवाल्याने सगळं ऐकलंय, त्याला विचारा.

शेवटी मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि पॉलिश पेपर हातात घेतला. विकायची असली तरी नीट दिसली पाहिजे, असं मी म्हणाले. आईने तुमचं पत्र पुढे केलं. मामा, पत्र उत्तम आहे. नख फिरवलं, पाणी लावलं, कडा उतरवल्या, बोटाला पायरी लागत नाही. मग वाचलं, की मान घासू नकोस.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. माणूस जिथे बघू नका म्हणतो, तिथे आधी बघायचं.

आई खाली चहा टाकायला गेली होती. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली हिरवा, मी मोजायचं सोडलं. त्याखाली पांढरी पुट्टी निघाली. आणि पुट्टीच्या कडेला लोखंडात ठोकलेली एक फुली आहे, छिन्नीने मारतात तशी. आमच्याकडे रद्द झालेल्या कागदावर फुली मारतात. तुमच्याकडे ती कशावर मारतात?

मी वर फडकं टाकून ठेवलंय. आईला काही बोलले नाही. मी तुम्हाला एक खोटं मागितलं, तर तुम्ही सव्वा पान रागावलात. मला आता ते सव्वा पान पुन्हा वाचायचं धाडस होत नाही. उत्तर मला नको. आईला लिहा.

तुमची,
खार


२२ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. आधी सायकल घरात घे आणि तिला कुलूप लाव. मग पुढे वाच.

तुझी सायकल रद्द मालातली आहे.

तुला रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा सात मैलांची फेरी होती आणि तू चालत जात होतीस. मला नवी सायकल घेऊन देण्याची ऐपत नव्हती. तपासनिसाने फुली मारलेल्या फ्रेमी भंगारात जायच्या. त्यातली एक मी उचलली. मानेचा जोड पितळ वितळवून झाळतात, ते पितळ नीट उतरलं नव्हतं, मोहरीएवढं भोक राहिलं होतं. ते नुसतं वरचं होतं की आत तडा होता, हे झाळणाऱ्याला दाखवलं असतं तर कळलं असतं. पण त्याला दाखवायचं म्हणजे फ्रेम कुठून आणली ते सांगायचं. मी पुट्टी भरली, वर सात हात रंग दिला, आणि इतका सुरेख दिला की पुढे मलाच खरं वाटायला लागलं.

वर्षभरात बदलून देईन असं मनाशी ठरवलं होतं. वर्षाने तुझं पत्र आलं, की सगळ्या नर्सेसमध्ये तुझ्या सायकलसारखी सायकल कुणाची नाही. दुसऱ्या वर्षी खार झाली. मग खारीचे बाबा गेले. त्या साली सांगायचं तोंड नव्हतं. नंतर एवढी वर्षं टिकली म्हणजे ठीकच असणार, असं म्हणत गेलो. खारीला मी लिहिलं, की माझ्या फ्रेमवर कुणी बोट ठेवलं नाही. बोट ठेवायची जागा मीच बुजवली होती, हे लिहिलं नाही. तू पडलीस हे कळलं तेव्हापासून जेवताना घास अडकतो. फ्रेममुळे पडलीस का, हे विचारायचीही भीती वाटली, म्हणून ओरखड्यांवर विनोद केले.

आता पारख करायची. मानेवरचं सगळं उतरवून लोखंड उघडं करा. त्यावर ब्रशने रॉकेल लावा, अर्धा तास मुरू द्या. मग फडक्याने अगदी कोरडं पुसून खडूची पूड फासा आणि बघत बसा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. रेघ दिसली तर करवतीने फ्रेमचे दोन तुकडे करा. भंगारात नुसती देऊ नका, माझ्यासारखा कुणी उचलेल.

गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर स्वतः आलो असतो. काय ते खरं कळव. आशीर्वाद देतोय, पण माफी तू दिलीस तरच घेईन.

दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

चष्मा अजून आलेला नाही, म्हणून तुझं पत्र खारीने मोठ्याने वाचून दाखवलं. अपघाताचा अहवाल वाचावा तसं सपाट आवाजात वाचत होती. पुट्टीपाशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मी तशीच बसले. तिला वाटलं मला धक्का बसला. तिने पाणी आणलं.

दादा, मला पाणी नको होतं. मला ठाऊक होतं.

पहिल्याच वर्षी बेअरिंगला ग्रीस भरायला सायकल दिली होती. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने हँडल काढलं आणि मानेत आतून बोट घालून बघितलं. मग मला बोलावून जागा दाखवली. म्हणाला, की फ्रेम रद्द मालातली आहे, पण वरचा रंग देणारा कलाकार आहे. एकटीला नेईल, मागे दुसऱ्या कुणाला बसवू नका आणि उतारावर उतरून चाला. मी एकतीस वर्षं त्याचं ऐकलं. गोदामाचा उतार मी रोज चालत उतरते. त्या दिवशी हेडमास्तरांच्या पायातून रक्त थांबेना असा निरोप आला, म्हणून पहिल्यांदा बसून उतरले, आणि खडी सांडली होती त्यावरून घसरले. फ्रेमचा काही दोष नाही. घास नीट खा.

तुला का नाही सांगितलं? तू सायकल देताना जो चेहरा केला होतास, तो मी पाहिला होता. नवी घेतली असती तर जुनीचं काय झालं हे तू विचारलं असतंस. मला वाटलं, दादाला माहीत नसावं, उगाच खजील होईल. तुला वाटलं, बेबीला माहीत नाही. असे आपण दोन शहाणे.

आणि मधल्या मध्ये पोर चालत शाळेत गेली. हे मी बोलले तेव्हा खारीने पत्र टेबलावर ठेवलं. तिने एवढंच विचारलं, की कॅरियर त्यासाठी काढला होता का. मी हो म्हणाले. तिने विचारलं, मला सांगितलं का नाहीस. मी म्हणाले, तू सात वर्षांची होतीस. मामाला पुढच्याच पत्रात चित्र काढून पाठवलं असतंस. ती उठून मोरीपाशी गेली आणि एक कप धूत उभी राहिली. एकच कप. मी तिची पाठ पाहत होते, पण जवळ जायचा धीर झाला नाही. इतक्या वर्षांत मला कधी सुचलंच नाही, की तिला दुसरं काही वाटत असेल. मी आपली तिला जपत होते.

जेवताना ती पुन्हा आपल्या दोघांवर रागावली, तेव्हा मला बरं वाटलं.

रॉकेल आणलंय. उद्या पारख. माफीचं म्हणशील, तर एकतीस वर्षं मी तुझ्याच सायकलवर बसून भाकरी मिळवली. तेव्हा आधी मी तुझे उपकार फेडते, मग तू माफी माग, असं करत बसलो तर दोघांचंही आयुष्य पुरणार नाही.

तुझी,
बेबी


६ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अहवाल खालीलप्रमाणे.

मानेवरचा रंग आणि पुट्टी उतरवायला मला सबंध सकाळ लागली. तुमची फसवणूक अत्यंत दर्जेदार होती. रॉकेल लावलं, घड्याळ लावून अर्धा तास बसले, पुसलं, खडू फासला. आई खुर्ची उलटी फिरवून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. माणसांची चिरलेली पोटं पाहिलेली बाई, पण खडू बघवेना. दर दोन मिनिटांनी विचारत होती, की काही दिसतंय का. मी नाही म्हणत होते, आणि माझा विश्वास बसावा म्हणून पुन्हा बघत होते.

दहा मिनिटांनी एक ठिपका आला. टाचणीच्या डोक्याएवढा. मी आईला बोलावलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. तो लांबला असता तर करवत आणून ठेवलेली होती. चार वाजले, चहा गार झाला, ठिपका ठिपकाच राहिला. रेघ नाही, मामा. नुसतं वरचं भोक.

खात्रीसाठी बसच्या गॅरेजमधल्या झाळणाऱ्या बाईंकडे नेली. त्यांनीही ठोकून, भिंग लावून पाहिलं. मग ज्योत धरून त्या भोकात पितळ उतरवलं. चार मिनिटं लागली. मी पुन्हा घड्याळ बघितलं, कारण विश्वास बसेना. एकतीस वर्षांचं गुपित, आणि काम चार मिनिटांचं.

नंतर प्रायमर, तुमच्या रंगाचे चार पातळ हात, लॅकर. तारांखाली टेप लावला. तुमच्या दोन्ही डोळ्यांचं एकमत झालेलं नाही. मानेचा हिरवा बाकीच्यापेक्षा निळसर आलाय. आई म्हणते, तो तसाच राहू दे.

आता अटी. दोन महिने सायकल बंद. नंतर सपाट रस्त्यावरच. घसरल्यास भिंतीवर आळ न घेता त्याच दिवशी मला फोन. आईने डाव्या हाताने सही केली आणि खाली लिहिलं, की सही दबावाखाली घेतली आहे.

एक विचारायचं राहिलं. सीट पार खाली करायला किती नंबरचा पाना लागतो? कशाला, ते विचारू नका.

मामींना नमस्कार. तुम्ही यंत्र कानाला लावलंत तर फोनवर बोलता येईल, मला रागवायचं अजून थोडं शिल्लक आहे.

तुमची,
खार


२ एप्रिल

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

हे उजव्या हाताचं अक्षर आहे, तपासून घे. मनगट वळतं, अजून दुखतं. फेरी सध्या पायी चालू आहे. हेडमास्तरांची जखम भरली. आता त्यांना काही कारण उरलेलं नाही, तरी परवा निरोप पाठवला की येऊन नुसतं बघून जा.

तू पाठवलेला पाना पोचला. खार चार रविवार येतेय. रुग्णालयामागच्या मोकळ्या मैदानात मी डाव्या हाताने सीट धरून तिच्या मागे धावायचे. धावायचे म्हणजे काय, चौसष्टाव्या वर्षी जेवढं धावतात तेवढं. पोरगी अपघाताच्या फायली वाचून वाचून आधीच पडायला तयार असते. सायकल हलायच्या आत पाय खाली. मी ओरडले, ती ओरडली. फिरायला येणारे लोक बाक धरून बसायला लागले. तिसऱ्या रविवारी मी सीट सोडली आणि तिला सांगितलंच नाही. वीस पावलं गेली, मागे वळून बघितलं, मी लांब उभी दिसले, आणि सरळ कुंपणावर गेली. चिमट्यावर नवा ओरखडा आलाय. मी धावत गेले तर ती जमिनीवर बसून हसत होती, मग रडली, मग मला विचारलं की नख फिरवून बघू का.

परवाच्या रविवारी मी माळ्यावरून कॅरियर काढला. गंजला होता, सकाळी उठून घासला, तुझ्या बाटलीतला उरलेला रंग त्याला पुरला. मिस्त्रीच्या मुलीने आता दुकान सांभाळायला घेतलंय, तिने तो बसवून दिला. माझा बेत खारीला मागे बसवून मैदानाला एक फेरी मारायचा होता. तसं तिला म्हणाले. तिने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि अटींचा कागद पर्समधून काढला. दोन महिने झालेले नव्हते. मग तीच पुढे बसली आणि मला म्हणाली, बस.

दादा, तुला खरं सांगते, मला भीती वाटली. पितळ भरलंय, खडू पांढरा राहिलाय, सगळं डोळ्यांनी पाहिलंय, तरी एकतीस वर्षं दोन माणसांचं वजन त्या फ्रेमवर पडू दिलं नव्हतं. मी पाय उचलले. सायकल एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, खारीने काहीतरी शिवी दिली, आणि मग आम्ही चाललो. मी तिच्या कमरेला धरलं होतं. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडलो, औषधवाला दुकानातून बाहेर आला, शाळेच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मी तिच्याबरोबर किती वेळा चालले असेन. शाळेच्या फाटकाशी तिने ब्रेक लावला, पाय टेकले, आणि म्हणाली की आई, उतर, पोचलो.

पुढच्या रविवारी ती पुन्हा येतेय. तुझ्या तब्येतीला जप, गुडघ्याला शेक घे. शेकच. तुझ्यावर माझी माया जशी होती तशीच आहे. तिच्यावर पुट्टी भरायची वेळ कधी आली नाही.

तुझी,
बेबी